घट : किरकोळ

अकरा वर्षं मी वजनकाट्यावर बसते.
नारिनच्या वर, खाणीच्या तोंडाशी
पत्र्याची खोली, एक खिडकी, एक वही.
ट्रक चढतो, लोखंडी फळी कण्हते,
आकडा थरथरतो, मग निवतो.
एकवीस टन तीनशे. लिहिलं. पुढचा.
वीस किलोखालचं काही
या काट्याला दिसतच नाही, एवढा तो मोठा.
आणि टन हा शब्द मी इतक्यांदा लिहिलाय
की पेन आता मला विचारत नाही.

गावातून पावत्या परत येतात,
तिथलं वजन इथल्याशी ताडायचं.
शेवटच्या रकान्यावर छापलंय : घट.
तिथे मी लिहायची : किरकोळ.
शंभरातले पाच-सहा. घाट आहे, खड्डे आहेत,
कोळसा सांडतोच थोडा.
एर्मेक ड्रायव्हर जाता जाता
खिडकीतून सुक्या जर्दाळूंची पुडी सरकवायचा.

त्या ऑक्टोबरात कुबानिच घरी नव्हता.
यकातेरिनबुर्गला, परक्यांच्या भिंतींना गिलावा करत होता.
दरवर्षी पगारावर मिळणारा एक टन
तोच फाटकापासून कोठीत न्यायचा,
मी आतून ओरडायची, झालं का रे?
टनाबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच.

या खेपेला एर्मेकने हौदा उचलला,
कोळसा धडधडत रस्त्यात ओतला,
हॉर्न दिला नि गेला.
ढीग माझ्या कमरेला लागत नव्हता.
मनात म्हटलं, हा टन? एवढासा?

बादली पत्र्याची, बारा किलोंची.
पहिल्या दहा मी बोलत बोलत नेल्या.
विसाव्या वेळी बेगाइम म्हणाली,
आई, तू गप्प का झालीस?
पस्तिसाव्या वेळी मला कळलं
की बादलीची कडी गोल नसते, धारदार असते.
फाटक ते कोठी एकोणतीस पावलं.
रिकामी घेऊन परत एकोणतीस,
ही परतीची कुणाच्याच वहीत चढत नाहीत.

शेजारचा ओरोझबेक काठी टेकत आला,
ढिगाकडे बघून म्हणाला,
"बर्फाच्या आत उरक. भिजला की जड होतो,
जळतो मात्र तेवढाच."

अठ्ठ्याहत्तरावी भरताना
फावडं खणकन वाजलं. खाली रस्ता.
भुकटीसुद्धा झाडून घेतली.
हिशेब मी उभ्याने केला,
मग बसून केला,
मग बेगाइमला करायला लावला.
त्र्याऐंशी हव्यात गं, वर मूठभर.

पाच बादल्या. साठ किलो.
साठ किलोंना माझ्या खिडकीत काय किंमत?
फळीवरून उतरताना ट्रक तेवढा चिखल सोडतो.
पण दिवसाला दीड बादली धरली
तर पाच म्हणजे फेब्रुवारीतले तीन दिवस
आणि चौथ्याची संध्याकाळ,
जेव्हा पाण्याची घागर घरातल्या घरात गोठते
आणि पोर टोपी घालून गणितं सोडवते.

वही आठवली. अकरा वर्षांची.
किरकोळ, किरकोळ, किरकोळ,
माझंच अक्षर, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं.
त्यातून किती घरांचे किती दिवस गेले
याची बेरीज मी केली नाही.
सुरू केली होती.

सकाळी एर्मेकचा ट्रक फळीवर चढला.
"खाली उतर," मी म्हटलं.
"आजवर तर बसूनच..."
"तू सात बादल्यांचा आहेस. उतर."
त्याला काही कळेना. हसला, पुडी पुढे केली.
मी ती तशीच मागे सरकवली,
म्हटलं, हे माझ्या काट्याला दिसत नाही.

मग कालची पावती घेतली.
रकान्याशी पेन टेकवलं तर तळव्यातला फोड फुटला.
साठ लिहू? की पाच? की तीन दिवस?
रकाना बोटभर रुंद, त्यात काय काय मावणार.
मागच्या ट्रकने हॉर्न धरून ठेवला होता.